एक जूनची लेक

मी साक्रीकडच्या एका खेड्यात मास्तर होतो आणि आमच्या पटावर जवळजवळ सगळं गाव एक जूनला जन्मलेलं होतं. आईबापांना तारीख आठवायची नाही. "लिखी टाका, गुरुजी," म्हणायचे, की मी लिहायचो. पहिलीत बसण्याएवढं वय कागदावर भरलं की झालं.

एका वर्षी पट एका पोराने कमी भरला. दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती, म्हणजे माझीच. मी अंगणात खेळणारी माझी लेक उचलली आणि पहिलीत बसवली. ती श्रावणातली, कानबाईच्या सणाला, रोटांच्या दिवशी झालेली. मी तिला सव्वा वर्षाने मोठी केली, एक जून लिहिला आणि बदली टाळली. बायको कुरकुरली, तेव्हा तिला सुनावलं की पोर हुशार आहे, वर्षभर आधी शिकून मोकळी होईल. माझं शहाणपण तेव्हा उतू जात होतं.

पुढे आम्ही देवपूरला राहायला आलो आणि लेक कुस्ती खेळू लागली. तिच्या तोडीची मुलगी अख्ख्या धुळ्यात नव्हती. हे मी बाप म्हणून बोलत नाही. बरं, बाप म्हणूनच बोलतो. गेल्या वर्षी सतरा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेसाठी तिची निवड झाली. स्पर्धा आखाती देशात होती. पासपोर्ट आला, पाठीवर देशाचं नाव छापलेला पोशाख आला. निघायला चार दिवस उरले आणि तिकडे युद्ध पेटलं. विमानं रद्द झाली. टीव्हीवर माणसांची घरं कोसळत होती आणि मी खालच्या पट्टीत स्पर्धेची बातमी शोधत होतो. त्याची लाज वाटते, पण शोधत होतो.

स्पर्धा पुढच्या वर्षी होणार, असं कळलं. तालमीतले म्हणाले, बरंच झालं, तयारीला वर्ष मिळालं. मला मात्र तो एक जून आठवला. कुस्तीत जन्माचं वर्ष बघतात; त्या वर्षात सतरा पूर्ण होणारी चालते, अठरा होणारी नाही. पुढच्या वर्षी लेक कागदावर अठराची होणार होती, खरी सतराचीच.

मी प्रतिज्ञापत्र केलं, म्हाताऱ्या सुईणीची साक्ष घेतली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका साहेबाने शाळेची नोंद नीट पाहिली आणि म्हणाला, वय कमी करून मागायला इथे रोज कोणीतरी येतं. शिवाय नोंद कोणी केली, असंही विचारलं. मी अक्षर ओळखलं नाही असं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, माझंच आहे म्हणालो. त्याने कागद परत केले.

घरी येऊन मी लेकीला सगळं सांगितलं, पटाचंही. ती बुटांच्या नाड्या बांधत होती. तिने त्या पुन्हा सोडल्या.

"बठ्ठा लोके सोतानं वय चोरतस, नाना," ती म्हणाली. "तुम्ही मनं वरीस चोरं."

त्यानंतर ती तालमीत गेली नाही. मी जा म्हणालो नाही, कुठल्या तोंडाने म्हणणार?

यंदा ती स्पर्धा झाली. लेक आत धुणं वाळत घालत होती, मी आवाज बंद करून मोबाइलवर पाहिली. तिच्या वजनगटात जिंकलेल्या मुलीची जन्मतारीख खाली यादीत दिली होती. मी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. माझी लेक तिच्याहून दोन महिन्यांनी लहान आहे.