पाच पिवळ्या रेघा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही, लपवलं तर तिला कळतंच. हे मात्र तिला कळलं नाही.

गोष्ट एका मोटरसायकलच्या क्लचची आहे. हसू येईल तुम्हाला. माणूस कबुली द्यायला बसतो आणि क्लचचं सांगतो? पण तसंच आहे, त्याला माझा इलाज नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. पिंपरीच्या एका कंपनीत मी ड्रॉइंग ऑफिसला होतो. डिप्लोमा झालेला, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. काळेवाडीत भाड्याची खोली होती आणि अंगणात माझी मोटरसायकल – खडकीच्या लिलावात घेतलेली, लष्करातून बाद झालेली. तिला डांबरी रस्त्याचं काही पडलेलं नव्हतं. दगडगोट्यांतून, बैलगाडीच्या चाकोरीतून, टेकडीवरून चालवायलाच ती केलेली होती, आणि मलाही तेवढाच एक नाद होता. फक्त तिचा क्लच माझ्या हाताला कधी लागला नाही. चढावर नेमकी बंद पडायची, नाहीतर बेडकासारखी उडी मारायची.

तिला वळण लावलं नामदेवने. कुरुळीचा, शेतकरी घरातला, आमच्याच कंपनीत असेंब्लीला बदली कामगार. म्हणजे कुणी रजेवर गेलं तर याला काम, नाहीतर घरी. शिक्षण सातवी. पण बोटं! क्लचच्या प्लेटा दाबून धरणाऱ्या पाच स्प्रिंगा असतात, त्यांवर पाच नट. तो एकेक नट जरासा फिरवायचा, लिव्हर ओढून प्लेट सगळ्या बाजूंनी सारखी सुटते का ते बघायचा. भाकरीची कड बघावी तशी. मग गाडी कुरुळीला नेऊन चुलत्याच्या बैलगाडीच्या मागे बैलांच्या चालीने चालवायची, बंद पडू न देता. बैलांच्या मागे चालली म्हणजे क्लच जमला, अशी त्याची परीक्षा.

आणि जमला की तो रेघा मारायचा. कंपनीत आमच्याकडे रीतच होती – नट आवळला की नटावरून खालच्या प्लेटवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते. रेघ अखंड असेल तर त्या नटाकडे पुन्हा कुणी बघायचं नाही. ज्याने रेघ मारली त्याचा शब्द तो. नामदेवने ही रीत माझ्या अंगणात आणली. पाच नट, पाच पिवळ्या रेघा.

असेंब्लीच्या साहेबांना तरुणपणापासून मोटरसायकलचं वेड. त्यांच्या कानावर हे गेलं. तेव्हा गाड्या तपासायचं नवीन खातं निघत होतं आणि त्यात एका बदलीवाल्याला कायम करायचं होतं. साहेब म्हणाले, येत्या गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, कुरुळीच्या मागच्या टेकडीवर याच गाडीवर मला मागे बसवून ने, बघू तुझा हात. नामदेवचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे एकच विचारत होते, पोरगा कंपनीत कायम आहे का? मला हे सगळं माहीत होतं. ते आधीच सांगून टाकतो, नंतर माहीत नव्हतं म्हणायला जागा नको.

मंगळवारी संध्याकाळी तो अंगणात क्लच लावून, रेघा मारून, चहा पिऊन गेला. बायको कपबशा उचलताना सहज म्हणाली, "तुम्ही नुसतं कागदावरच काढता का हो?" चेष्टाच होती. मीही हसलो.

पण ते लागलं. का लागावं? मी त्याच्या दुप्पट शिकलेला, तो मला वाकून नमस्कार करणारा. तरी लागलं. बुधवारी कामावरून आल्यावर मी क्लचचं झाकण उघडलं. स्वतःला काय सांगितलं असेल? बघू तरी, पोराने काही चूक तर केली नाही ना. आणि मला चूक सापडली! पाचही नट कमी-जास्त आवळलेले. माझ्याकडच्या पुस्तकात तर स्वच्छ लिहिलेलं की सगळे नट सारखे हवेत. मी रेघा रॉकेलने पुसल्या आणि पुस्तकाप्रमाणे पाचही नट मोजून सारखे केले.

लिव्हर ओढली. प्लेट एका बाजूने सुटली, दुसरीकडे चिकटून राहिली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुन्या स्प्रिंगा – एक थकलेली, एक ताठ. सारख्या आवळल्या तर सारखं दाबतीलच कशा? त्याने प्रत्येकीला तिच्या ताकदीप्रमाणे धरलं होतं. मी नट मागे फिरवून बघितले, पुढे फिरवून बघितले. पण मूळ जागा कुठून सापडणार? ती सांगणाऱ्या रेघा मीच पुसल्या होत्या.

इथपर्यंतची चूक कुणाच्याही हातून झाली असती, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो. सकाळी नामदेवला नुसतं म्हणायचं होतं – बाबा रे, मी हात घातला, बिघडलं, पुन्हा लाव. तासाभराचं काम. तो हसलाही नसता. पण मी उठलो, ड्रॉइंगचा बारीक ब्रश घेतला आणि त्याच्याच डबीतल्या पिवळ्या रंगाने पाच रेघा ओढल्या. हुबेहूब. माझा तो हात चांगला होता ना!

आणि अजून एक. हे सांगायलाच मी इतका वेळ लावतोय. नुसती लाज होती म्हणून मी रेघा ओढल्या नाहीत. साहेबांसमोर गाडी एकदा तरी बंद पडावी, त्याचा चेहरा जरासा उतरावा – असं मला वाटत होतं. अगदी स्पष्ट वाटत होतं.

गुरुवारी गाडी मीच कुरुळीला नेली. तिथे त्याने झाकण काढलं, रेघा बघितल्या, झाकण लावलं. बैलांच्या मागे चालवून बघायची गरजच नव्हती. रेघा अखंड होत्या. साहेब मागे बसले आणि गाडी टेकडी चढू लागली. मी खाली उभा होतो. अर्ध्यावर मुरमाचं एक वळण आहे, तिथे थांबून गाडी वळवावी लागते. त्याने लिव्हर ओढली असणार, पण क्लच तापला होता, चिकटलेल्या प्लेटा सुटेनात, इंजिन चाकाला सोडेना. गाडी थांबलीच नाही. ती ओढत ओढत कडेला गेली आणि दोघांसकट ओघळीत पडली.

साहेबांचा हात मोडला. नामदेवचे कोपर-गुडघे सोलवटले, पण तो आधी साहेबांना उठवत होता. मी धावत वर गेलो. साहेब दगडावर हात धरून बसले होते. विचारलं, "क्लचला हात कुणी लावला होता?"

नामदेवने झाकण काढलं. पाचही रेघा जागच्या जागी. त्याने एकेका रेघेवरून बोट फिरवलं.

"मीच लावला, साहेब," तो म्हणाला. "दुसरं कुणी न्हाई. रेघ माझीच हाय."

झाकण त्याने माझ्या हातात दिलं होतं. मी ते धरून उभा राहिलो. एक वाक्य होतं बोलायचं, फक्त एक. मी बोललो नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते, पण कायम दुसऱ्यालाच केलं. ते लग्न मोडलं. पुढे बदलीचं कामही थांबलं आणि नामदेव गावी परत गेला. नंतर त्याचा संसार झाला, पिठाची गिरणी झाली, दिवस काही वाईट गेले नाहीत. पण गिरणीचा पट्टा सैल झाला तरी तो चाकणहून मिस्त्री बोलावतो, असं मी ऐकत होतो.

ऐंशीनंतर कधीतरी, भर दुपारी, कुरुळीतून जाताना माझ्या स्कूटरची क्लच केबल सटकली. नेमकी त्याच्या गिरणीपुढे. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, आतून पाना आणला. मी तो त्याच्यापुढे केला. म्हटलं, तूच लाव की. तो मागे सरला.

"नगं भाऊ. तुमीच लावा. त्या दिवसापास्नं माझा माझ्या हातावर भरवसा न्हाई."

हसत म्हणाला. मनात काही किल्मिष नव्हतं. गिरणी बंद होती, आत-बाहेर कुणी नव्हतं, आम्ही दोघंच होतो. मी केबल अडकवली, नट आवळला. तो वाकून बघत होता. म्हणाला, झ्याक बसला.

मी किक मारली आणि घरी आलो.