मामींचा मुरुक्कू आणि आईचा हात

कढईतलं तेल तापलं की मामी आमच्या दाराशी येऊन हाक मारायच्या, "ताई, चलो. पहिला हात तुमचा."

आई हातातलं काम टाकून जायची. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या चाळीत मामींची खोली आमच्या भिंतीला लागून. मूळच्या तमिळ, नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. आसपासच्या तमिळ घरांत लग्न निघालं की मुरुक्कू त्यांच्याकडून. मोबाइल नुकते आले होते, पण मामींची ऑर्डर दारात उभं राहूनच द्यायची.

तुम्ही चकली पाहिली आहे. ती साच्यातून पडते. हा मुरुक्कू मामी बोटांनी वळायच्या. तांदळाच्या पिठाची दोरी पिळत पिळत वेढ्यावर वेढा. मुलीकडून तो नवऱ्यामुलाच्या घरी जातो, म्हणून पहिला तेलात सोडायचा तो सवाष्णीनंच, विधवेनं नाही, हे मामींचं पक्कं.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मला हे पटायचं नाही आणि मी तोंडावर सांगायचे.

"तू शिकली," मामी म्हणायच्या. "तेल नाय शिकला."

आईचा मुरुक्कू तेलात पडताना हमखास वाकडा व्हायचा. "अय्यो ताई! नवरदेव भाग जाएगा!" आणि दोघी हसत सुटायच्या.

मग बाबा गेले.

पुढे लग्नसराई आली. मामींच्या दाराशी माणसं येत आणि तशीच परत जात. तळणाचा वास नाही. भांडी घासताना आईचे कान तिकडेच. चाळीत सवाष्णी भरपूर होत्या. मामींनी एकीलाही बोलावलं नाही.

एक दिवस कुणा मुलीचे वडील परत जाताना दिसले, तशी आई ओल्या हातांनीच मामींकडे शिरली. मागोमाग मी.

"ऑर्डर का परत पाठवता, मामी?"

"हाथ दुखता है."

"खोटं नका बोलू. तेलात हात माझा जायचा की ह्यांचा?"

मामी उठल्या आणि त्या गृहस्थांना रस्त्यातून परत बोलावून आणलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तेल तापलं. मामी आमच्या दाराशी आल्या. हाक मात्र निघेना. आई उठून गेली. मामींनी आधी बाहेरचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी डबे रिक्षातून गेले. लग्नाचं बोलावणं दोघींनाही नव्हतं. मी कुकर लावून आईची वाट बघत बसले. पलीकडे त्या दोघी तुटके तुकडे खात होत्या. कुडुम, कुडुम एवढाच आवाज.