सीटखालचा खटका

दिवाकर राऊतचं गॅरेज वसईजवळ उमेळ्याच्या नाक्यावर होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे, आणि मागे घरची केळीची वाडी. वाडी थोरल्या भावानं सांभाळली, दिवाकरला पहिल्यापासून वायरींचा नाद. वाडीतला पंप बंद पडला की हा शाळा बुडवून मोटर उघडून बसायचा. पुढे सातिवलीच्या एका कारखान्यात सात वर्षं वायरमन होता, मग नोकरी सोडून त्यानं गाड्यांच्या वायरिंगचं काम धरलं.

त्याचं काम फार नीटस. वायर कुठे लोंबणार नाही, जोड कुठे दिसणार नाही. काम झालेल्या गाडीकडे बघून कुणी म्हणालं, "हात लावलेला कळतसुद्धा नाही," की स्वारी दिवसभर खूश. शेजारी म्हणून मी ते कितीदा बघितलंय.

चौऱ्याऐंशी साली त्याचा शाळेतला मित्र पॉल बहारीनहून सुट्टीवर आला, तो एक जपानी मोटारसायकल घेऊन. आमच्याकडे तेव्हा बुलेट आणि राजदूत. या गाडीच्या इंजिनापुढे मात्र ट्रकसारखा रेडिएटर होता, आणि त्याच्यामागे विजेवर चालणारा छोटा पंखा. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू व्हायचा. पण महिनाभरात तो सुरू होईना. दिवाकरनं तपासलं तर पंखा ठीक होता. पाणी तापल्याची खबर पंख्याला देणारा रेडिएटरवरचा स्विच मेला होता, आणि तसला स्विच मुंबईतही मिळेना.

"आपण हातानं चालवायचा खटका बसवू," दिवाकर म्हणाला. "तापमानाचा काटा लालकडे सरकला की दाबायचा. वेगात असताना वारा लागतोच. गाडी हळू चालवायची वेळ आली तरच पंखा लागेल."

"बसव. पण कुणाच्या नजरेला पडेल असा नको. येणारा जाणारा हात लावतो," पॉल म्हणाला.

दिवाकरला हेच हवं होतं. मेलेल्या स्विचची वायर काढून त्यानं ती फ्रेमच्या आतून मागे नेली. सीटच्या डाव्या कडेखाली खटका बसवला आणि पाणी जाऊ नये म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. बसल्या बसल्या बोट खाली नेलं की सापडायचा. बघून सापडणं शक्य नव्हतं. त्या खटक्यावर दिवाकर इतका खूश झाला की त्यानं घरातून बायकोला, नर्मदावहिनींना, बोलावून आणलं आणि म्हणाला, "शोध बघू कुठे आहे."

सुट्टी संपली तसा पॉल बहारीनला परत गेला. गाडी धाकट्या भावाकडे, फर्डिनंडकडे आली.

फर्डिनंड सव्वीस वर्षांचा. लग्नाच्या बँडमध्ये तो कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचा आखूड पितळी कर्णा, वाजवायचा. वसईत बँड पुष्कळ, पण फर्डिनंड वाजवायला लागला की वरातीतली म्हातारी माणसंही थांबून ऐकायची. नवरीला घराबाहेर काढताना तो जी धून धरायचा, ती ऐकून त्याची आई जुलियानाबाई दर वेळी रडायची. लग्न परक्याचं असलं तरी.

एप्रिलात एकदा तो हवा भरायला गॅरेजवर थांबला. दिवाकर एका टेम्पोखाली आडवा पडून काम करत होता.

"दादा, या गाडीत काही खास बघायला लागतं का?" फर्डिनंडनं विचारलं.

"पॉलनं सांगितलंच असेल तुला," दिवाकर टेम्पोखालूनच म्हणाला.

"तो म्हणाला, काही अडलं तर दिवाकरला विचार."

"मग ये निवांत. दाखवतो."

फर्डिनंड बरं म्हणून गेला. तेवढंच.

मे महिन्यात भुईगावला लग्न होतं. वाटेत पाइप टाकायला रस्ता खणला होता. फर्डिनंड अर्धा तास दोन ट्रकांमागे पहिल्या गिअरमध्ये रखडला. काटा लालमध्ये गेला, तो त्यानं बघितलाही असेल, पण त्यावर काय करायचं हे त्याला कोण सांगणार? वाफ यायला लागली तशी त्यानं गाडी एका विहिरीपाशी लावली, बादलीभर पाणी आणलं, आणि ट्रकवाल्यांना करताना पाहिलं होतं तसं रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून तोंडावर आलं. मान वळवली म्हणून डोळे वाचले. ओठ आणि हनुवटी भाजली.

दोन महिन्यांनी जखमा भरल्या. वरचा ओठ मात्र आखडून राहिला. कॉर्नेट तोंडाला लावला की कडेनं हवा निसटायची. काही महिने त्यानं रोज प्रयत्न केला. त्याच्या घराकडून येणारा तो फाटका आवाज गॅरेजपर्यंत ऐकू यायचा, आणि दिवाकर हातातलं काम खाली ठेवायचा. मग आवाज यायचा थांबला. बँडमध्ये फर्डिनंड मोठा ढोल वाजवायला लागला.

दिवाकरला कुणी काही बोललं नाही. सगळे म्हणायचे, तापलेल्या गाडीचं झाकण उघडतं का कुणी, पोराचीच चूक. दिवाकर समोर असायचा आणि गप्प राहायचा. गाडी दुरुस्तीला आली तेव्हा त्यानं खटका काढून पुढे हँडलवर बसवला, उघड दिसेल असा. का हलवला, हे त्याला कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी पॉल सुट्टीवर आला तेव्हा दिवाकरनं त्याला गाठलं.

"तू त्याला पंख्याचं सांगितलं नव्हतंस?"

पॉल म्हणाला, "जायच्या घाईत राहिलं. मला वाटलं, तू सांगशील."

"मला वाटलं, तू सांगितलंस."

"आता राहू दे, दिवाकर. आईला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही."

पॉलनं राहू दिलं. दिवाकरला ते जमेना. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, सुटल्यावर तो फर्डिनंडच्या घरी गेला, ओट्यावर बसला आणि सगळं सांगितलं. पंखा, खटका, टेम्पोखालून बोललेलं वाक्य.

फर्डिनंडनं ऐकून घेतलं. म्हणाला, "दादा, हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी चिडलो असतो, भांडलो असतो. लोक मला मूर्ख म्हणत होते तेव्हा कुणीतरी म्हणायला हवं होतं की हा मूर्ख नाही. आता मी त्याचं काय करू?"

जुलियानाबाई चहा घेऊन आल्या. दोघांनी तो पिऊन संपवला.

त्यानंतर रस्त्यात भेटला की फर्डिनंड बोलायचा, हसायचाही. गॅरेजवर मात्र पुन्हा आला नाही.

एकोणनव्वद साली दिवाकरच्या मुलीचं, सुशीलाचं लग्न ठरलं. नर्मदावहिनी म्हणाल्या, "फर्डिनंडचा बँड सांगू या." दिवाकर हो म्हणाला, दोनदा त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. शेवटी विरारचा बँड ठरवला. फर्डिनंड पाहुणा म्हणून आला. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. जेवला, सुशीलाच्या हातात भेट दिली. निघताना विरारच्या बँडकडे बघत दिवाकरला म्हणाला, "बरं वाजवतात." आणि गेला.

मांडव उतरवताना मी दिवाकरच्या शेजारी उभा होतो. तो बांबू सोडत होता.

"पहिल्या वेळी बोलायचं राहिलं, ते नकळत," तो म्हणाला. "या वेळी मला कळत होतं. त्याला ढोल वाजवताना बघायची हिंमत झाली नाही, म्हणून बँड सांगायला गेलो नाही."

त्यानं सुंभ गुंडाळून ठेवलं आणि पुढच्या खांबाकडे गेला.