गोळ्यांचं सार

पिपरी मेघेत आमच्या भिंतीला लागून पद्माचं घर. निवृत्त शिक्षिका, नाकावर माशी बसू न देणारी बाई. आणि खोटं लपवण्यात इतकी तरबेज, की सगळ्या गल्लीच्या खबरा ठेवणारी मीसुद्धा इतकी वर्षं फसले. करोनानं तिचा नवरा, बंडोपंत, नेला आणि त्याच आजारात तिला वास येणंही बंद झालं. नवरा गेलेल्या बाईनं नाकाचं रडगाणं कुणापुढे गायचं? ती गप्प राहिली, मग गप्प राहण्याचीच सवय झाली.

नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाकाची चव तर सोडाच, वासही घ्यायचा नाही, हा नियम आमच्याकडे सणावाराचा. पद्मानं तो रोजचा करून टाकला. चव का बघत नाही, हे मग कुणी विचारीना. मीठ हातच्या अंदाजानं पडायचं, आणि "काय वास सुटला" असं कुणी म्हटलं की "सुटणारच" म्हणून ती मोकळी व्हायची.

तिच्या मुलीला, चारुताला, नागपूरला नोकरी लागली. तिची चार वर्षांची लेक गुंजन आजीजवळ राहणार असं ठरलं. रिकाम्या घरात पोर येणार, या एका आशेवर पद्मा महिनाभर जगत होती. वासाचं कळलं असतं तर चारुतानं लेक ठेवलीच नसती. गॅसच्या शेगडीशी गाठ असलेल्या घरात कोण ठेवील?

लेकीला सोडायला आलेली चारुता त्या रविवारी सामान आणायला वर्ध्याला गेली होती. पद्मानं नातीच्या आवडीचं गोळ्यांचं सार करायला घेतलं. दुधी, गाजर, टमाटे शिजवून घोटले, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी दिली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून तिचे लिंबाएवढे गोळे वळले. उकळत्या सारात आधी एकच गोळा सोडला. तो फुटला नाही, तेव्हा बाकीचे सोडले, आच मंद केली, झाकण ठेवलं आणि मातीत खेळून आलेल्या गुंजनचे हात धुवायला ती अंगणातल्या नळावर गेली.

परत आली ती थेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवापाशी बसली. निरांजनात वात घातली, काडीपेटी उचलली.

"आजी, वास येऊन राह्यला," दारातून गुंजन म्हणाली.

"येणारच. हिंग टाकला ना मी," पद्मा सवयीनं बोलली आणि काडी बाहेर काढली.

"हिंगाचा नाई. घाण येऊन राह्यला."

पद्माचा हात थांबला. तिनं मान वळवून पाहिलं. फेस झाकणाखालून उतू जाऊन शेगडीवर पसरला होता. सार उकळत नव्हतं, जाळ विझला होता, आणि बटण चालूच होतं.

काडीपेटी तिनं खाली ठेवली, आपटलीसुद्धा नाही. बटण बंद केलं. हात पंख्याच्या बटणाकडे गेला, ठिणगीच्या भीतीनं तोही तिनं मागे घेतला. मग पोरीला उचलून ती मागच्या दारानं माझ्या अंगणात आली. "हिले धर," एवढंच म्हणाली. मी नाकाला पदर लावून दारं-खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. वास गेल्यावर तिनं मला सगळं सांगितलं.

"चारुले नको सांगू," मी म्हटलं. "झालं तर नाई ना काही. ध्यान ठेवजो म्हणजे झालं."

उरलेलं सार तिनं पुन्हा उकळून घेतलं.

चारुता आली. मलाही जेवायला बसवलं. गोळे मऊ झाले होते, गुंजन वाटीत बोटं घालून खात होती. "आई, साराचा वास तर फाटकापासूनच येऊन राह्यला होता," चारुता म्हणाली. मी पद्माकडे पाहिलं. नेहमीसारखं "सुटणारच" म्हटलं असतं, तर नात तिच्याजवळच राहिली असती.

"मले वास येत नाई, चारू," पद्मा म्हणाली. "तुझे बाबा गेले तेव्हापासून. आज गॅस सुटला होता, आन् मी काडी ओढत होते. गुंजनले तुझ्यासंग घेऊन जाय."

चारुताचा घास हातातच राहिला. "काऊन नाई सांगितलं?" तिनं विचारलं, आणि आईचं तोंड पाहून पुढचं रागाचं बोलणं गिळलं. मला मात्र पद्माचा रागच आला. एवढं जपलेलं एका वाक्यात देऊन टाकलं. हात धुवायला उठले ती डोळे पुसूनच परतले.

संध्याकाळी गुंजनच्या कपड्यांची पिशवी चारुताच्या बॅगेवर चढली. निघताना पद्मानं नातीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. ही पोर जन्मली त्याआधीच पद्माला वास येणं बंद झालेलं होतं.

"चारू," तिनं विचारलं, "हिच्या डोक्याले कसा वास येते?"

चारुता खाली बसली. लेकीच्या डोक्यावर वाकली.

"खोबरेल तेलाचा," ती म्हणाली. "आन् थोडा मातीचा."