तीन वर्षांचं खोटं तापमान

गल्लीत सगळे त्यांना कप्तान म्हणत. खरं तर ते मालवाहू जहाजावरून दुय्यम अधिकारी म्हणूनच निवृत्त झाले होते.

एका दुपारी भाची हसतच आली. कुठल्याच देशाच्या मालकीचा नसलेला भरसमुद्र सगळ्या देशांनी मिळून जपावा, यासाठी तिचं कार्यालय पुरावे गोळा करत होतं. एका भागातलं पाणी झपाट्याने तापत होतं. तिथली मासेमारी थांबवायचा प्रस्ताव होता.

"मामा, तिकडून नेमाने जाणारं तुझंच जहाज होतं. दर सहा तासांनी पाण्याचं तापमान, खाली तुझी सही. पाच वर्षं."

कप्तानांनी चहाचा कप खाली ठेवला.

बादली समुद्रात सोडायची, वर ओढायची, तापमापी बुडवायची. बोचऱ्या वाऱ्यात बोटं बधिर व्हायची. एकदा त्यांनी टाळलं आणि आधीचाच आकडा जरा इकडेतिकडे करून लिहिला. कोणी विचारलं नाही. मग अंगवळणीच पडलं.

भाची गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"आता कोण बघायला जातंय?" ती म्हणाली.

"तेव्हा मीही हेच म्हणायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी भाचीचं कार्यालय गाठलं. खुर्चीत न बसताच म्हणाले, "शेवटची तीन वर्षं मी मनानेच लिहिलीत. आधीची दोन खरी आहेत."

तिने नोंदींच्या वह्या पुढे ओढल्या. "ती तरी खरी कशावरून?"

"त्यांत दोरी तुटल्याचं, उशीर झाल्याचं लिहिलंय. खोट्या नोंदी सगळ्या वेळेवर आहेत."

चार दिवस दोघांनी पानं चाळली. कप्तान दाखवत, ती काट मारी. कामापलीकडे ती एक शब्द बोलली नाही.

देशांच्या बैठकीत पुरावा अपुरा ठरला. निर्णय दोन वर्षं पुढे गेला. जाळी पडतच राहिली.

"एकट्या तुझ्यामुळे नाही रे, मामा," फोनवर ती म्हणाली. तिने समजूत घातली हेच त्यांना जास्त लागलं.

मग आता त्या वाटेने जाणाऱ्या जहाजांची यादी त्यांनी तिच्याकडून मागून घेतली आणि प्रत्येक जहाजावरच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं: पाण्याचं तापमान दर वेळी खरंच मोजा. आपण काय केलं, तेही लपवलं नाही. अकरा पत्रं गेली, उत्तर एकाचंच आलं: वारा असताना बादली कुठल्या बाजूने सोडायची?

कप्तानांनी चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला घेतलं.