साडूंचा तास

नुसत्या जिभेच्या जोरावर जग जिंकता येतं याचा ग्वाल्हेरात एकच जिवंत पुरावा आहे आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा साडू आहे. आम्ही दोघं एकाच कॉलेजात इतिहास शिकवायचो. मी गावातल्या लष्कर भागातून स्कूटरवर प्रोजेक्टर, वायरी आणि लॅपटॉप लादून जायचो. ते मुरारहून टेम्पोत बसून, खिशात चार लवंगा टाकून यायचे. माझ्या तासाला नकाशे, चित्रं, गटचर्चा. त्यांच्या तासाला फक्त ते. तरी पोरं माझ्या तासाला चहाच्या टपरीवर आणि त्यांच्या तासाला खिडक्यांतसुद्धा बसलेली. पुढे व्याख्यान बंद करा असं सांगणारं प्रशिक्षण आलं. मला केवढा आनंद झाला! पण व्याख्यानपद्धत कशी कालबाह्य आहे यावर साडूच पाऊण तास इतकं सुंदर बोलले की प्रशिक्षकाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

रंगात आले की ते हिंदी सोडून मराठीत शिरत आणि त्यांना पत्ताही नसे. एकदा तर अख्खं पानिपत त्यांनी मराठीत लढवलं. समोर भिंड-मुरैन्याची पोरं, मराठीचा गंध नाही. बाहेर येणाऱ्या एकाला मी मोठ्या आशेने विचारलं, "कुछ समझ में आया?"

"समझ में तो कुछ नहीं आया सर," तो डोळे पुसत म्हणाला, "पर रोना आ गया."

माझी शुद्ध हिंदी ऐकून आजवर कुणाला जांभईखेरीज काही आलं नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "जिजाजींची बातच अलग आहे." माझा नुसता जळफळाट झाला. एकदा, फक्त एकदाच, माझाही वर्ग तसा श्वास रोखून बसावा, एवढंच मला हवं होतं.

यंदा ते निवृत्त झाले आणि त्यांचा मोठा वर्ग मला मिळाला. पहिल्या दिवशी पोरं दाटीवाटीने बसली. मी प्रोजेक्टर लावला, तशी पहिल्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, वो वाले सर कब आएँगे?"

रविवारी तणतणत मुरार गाठलं. साडू व्हरांड्यात गवार मोडत बसले होते. माझी मेहुणी हळूच म्हणाली, "दिवस दिवस बोलत नाहीत हो. काही विचारलं तर 'बरं' म्हणतात." भांडायला आणलेले सगळे शब्द मी चपलांबरोबर व्हरांड्याबाहेरच ठेवले.

"अहो साडूभाऊ," मी म्हणालो, "उद्या सत्तावनचं बंड घ्यायचंय. सुरुवात कुठून करू?"

गवारीची परात बाजूला सारून ते उभे राहिले. "बसा," म्हणाले.

हेव्यापायी मी त्यांच्या एकाही तासाला कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो. जळत होतो, अजूनही जळतो. पण मेहुणीने आतून जेवायला हाक मारली, तेव्हा "थांबा हो जरा!" म्हणून मीच ओरडलो.