मेंढपाळांची बाजू

चष्म्याच्या दुकानात मागे, पडद्याआड, एक चिंचोळी खोली होती. तिथे तो एकवीस वर्षं काचा घासत होता. पुढे मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायचा, आरसा धरायचा, चेहऱ्याचं कौतुक करायचा. मागे याच्याकडे यायची ती नुसती फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी. चाकावर पाणी ठिबकत राहायचं आणि काचेची कड फिरत फिरत फ्रेमच्या मापाची व्हायची. किती जणांचे नंबर त्याला तोंडपाठ होते, पण चेहरा एकाचाही ठाऊक नव्हता. रस्त्यात एखादी फ्रेम ओळखीची वाटली की तो क्षणभर थबकायचा. फ्रेममागचा माणूस आपल्या वाटेने निघून जायचा.

एवढ्या वर्षांत पडदा बाजूला सारून आत डोकावलं ते एकाच गिऱ्हाइकाने. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई होत्या त्या, जाड भिंगाच्या.

"हा चष्मा कुणी केला?"

"मी. का, टोचतोय का?"

"छे! जन्मात पहिल्यांदा टोचत नाहीये. तुम्हाला पट खेळता येतो का हो? आम्हाला चौथा भिडू हवाय."

येत नव्हता. तरी तो गेला. त्याला सहा वर्षं झाली.

बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, दर रविवारी दुपारी तीनला नकाशा मांडला जायचा. चार बाजू: बंदरवाले, गडवाले, घोडेस्वार आणि मेंढपाळ. बंदरवाल्यांकडे जहाजं, गडवाल्यांकडे भिंती, घोडेस्वारांकडे वेग. मेंढपाळांकडे मेंढ्या. बर्फ पडायच्या आत वरच्या कुरणातून तीन खिंडी ओलांडून कळप नदीवर आणायचा, एवढाच त्यांचा पराक्रम. आणि प्रत्येक खिंड दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात. लढायची ताकद नाही. खिंडवाल्याने वाट दिली तर जायचं, नाही तर मागे फिरायचं.

तो शेवटी आला म्हणून उरलेली बाजू त्याला मिळाली. पहिल्याच डावात गडवाल्यांच्या खिंडीपाशी, गड खेळणाऱ्या एका छापखानेवाल्याने हात आडवा घातला. "फुकट नाही सोडणार. काय देता बोला."

देण्यासारखं काही नव्हतंच. तो ओशाळून सोंगटी मागे घेऊ लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "मग एक बातमी द्या. खरी हवी, आणि स्वतःची."

बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "आज मी दोन वेगळे मोजे घातलेत."

तिघंही टेबलाखाली वाकून बघायला लागले. खात्री झाल्यावर वाट मिळाली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. खिंडीगणिक एक बातमी, आणि वाट देणाऱ्याने त्यावर एक तरी प्रश्न विचारायचा. आईचं आजारपण त्याने असंच सांगितलं होतं, चार रविवार, बारा खिंडींत. ती गेली हेही त्याने घोडेस्वारांच्या खिंडीतच सांगितलं. तसा तो भिडस्त.  पण कळप अडला की बोलावंच लागे.

बहिणीला हे कधी कळलं नाही. "दुबळी बाजू घेऊन हरायची कसली रे हौस तुला?" ती फोनवर म्हणायची. "निदान पटावर तरी राजा हो!"

"राजाला कुणाला काही विचारावं लागत नाही, ताई."

"मग बरंच आहे की!"



मग एका मंगळवारी दुकानात एक यंत्र आलं. फ्रेम आत ठेवली की ते माप घेई, काच ठेवली की कापून हातात देई. मालक दोन दिवस त्याच्याशी नजर चुकवून बोलला. तिसऱ्या दिवशी पडद्यापाशी उभा राहून म्हणाला, "या महिनाअखेरपर्यंत या. पुढचं... बघूच आपण." पुढचं बघायचं काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

ताईला सांगितलं तर ती रडेल, मग लगेच मेव्हण्यांना पाठवेल, आणि मेव्हणे त्याचं बिऱ्हाड आपल्याकडे हलवायला सामानाच्या याद्या करायला बसतील. म्हणून त्याने तिला काही सांगितलं नाही. ही बातमी रविवारची. तिसऱ्या खिंडीत, जिथे बाई वाट देतात, तिथे ती द्यायची. शब्दसुद्धा त्याने ठरवून ठेवले. पुढचे दोन दिवस तो त्या एका वाक्याच्या आधाराने चाकासमोर बसला.

रविवारी तो पोहोचला तर टेबलावर नियमांचे नवे कोरे कागद मांडलेले. औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी, म्हणजे त्यांच्यातली घोडेस्वार, आनंदाने फुलली होती.

"काका, बसा! मी सगळ्या डावांची नोंद ठेवलीय ना? तीनशे डाव झाले. तुम्ही किती जिंकलात माहितीय? सहा!"

"सहा? मला वाटलं पाच."

"हसू नका. अन्याय आहे हा. ही बाजू खेळण्यात अर्थच नाही, इतकी लंगडी आहे. चार आठवडे बसून नियम बदललेत मी. आता मेंढपाळांना खिंडीत परवानगी लागणार नाही, सरळ जायचं. शिवाय गोफणवाले चार."

"घ्या!" छापखानेवाला म्हणाला. "देव देतो तेव्हा गोफणीतून देतो."

"तुमच्यासाठी केलंय, काका," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे बघून 'नको' म्हणवेना. तो "छान आहे" म्हणाला आणि सोंगट्या मांडू लागला.

डाव सुरू झाला. पहिल्या खिंडीपाशी सवयीने त्याने मान वर केली. घोडेस्वार मुलगी हसून म्हणाली, "जा की!" दुसऱ्या खिंडीत छापखानेवाल्याने वर बघितलंसुद्धा नाही, तो गोफणवाल्यांपासून आपली भिंत वाचवण्यात गढला होता. तिसऱ्या खिंडीशी याचा हात थांबला.

"बाई, वाट द्याल?"

"आता कशाला विचारताय? नियम बदललाय ना!"

"तरीपण."

"अहो, जा हो! उगाच खोळंबा."

तो गेला. साडेचारला कळप नदीवर पोहोचला. एरवी साडेसहा तरी वाजायचे. तिघांनी टाळ्या वाजवल्या, मुलीने वहीत लिहिलं, आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की आज कुणाचंच फारसं बोलणं झालं नाही. पण कारण कुणाला उमगलं नाही. बाईंना वाटलं, हवाच तशी मरगळलेली आहे.

"पुढच्या रविवारी मेंढपाळ माझे," छापखानेवाला पिशवी उचलत म्हणाला.

"आयत्या बिळावर नागोबा!" मुलगी म्हणाली. "काका, देणार का याला?"

तो मेंढ्यांच्या पांढऱ्या सोंगट्या एकेक करून डबीत टाकत होता. महिनाअखेर अकरा दिवसांवर होती. आता हे दोघं जिना उतरतील, तोही उतरेल, आणि ते वाक्य घरी नेऊन पुन्हा गिळावं लागेल. पुढच्या रविवारी त्याच्या हाती गड असेल, भिंती असतील. भिंतीआडच्या माणसाला कोण काय विचारणार?

त्याने डबीतली एक मेंढी परत काढली आणि तिसऱ्या खिंडीवर ठेवली.

"डाव संपला, काका."

"संपला. पण मी वाटेचं काही दिलं नाही."  ठरवलेले शब्द आठवेनात. "दुकानात यंत्र आलंय. महिनाअखेरीला माझं काम सुटतंय."

छापखानेवाल्याने पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मुलगी आपल्या नव्या कागदांकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"गुरुवारी."

"आणि तुम्ही दीड तास नुसते मेंढ्या हाकत बसलात?"

"वाट मोकळी होती," तो म्हणाला. "कुठे थांबायचं, कळेना."

बाई खुर्ची ओढून पुन्हा बसल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांना लावला. मग मुलीकडे न बघता, तिला लागू नये अशा बेताने त्या म्हणाल्या, "नियम चांगले आहेत गं तुझे. पण हे मेंढपाळ जुनेच राहू देत." आणि त्याच्याकडे वळून, "तीन खिंडी होत्या. एकीचंच दिलंत. दोन राहिल्या."

त्याने तर एकच बातमी आणली होती. तो खिडकीबाहेर बघत बसला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी काढून घेत होतं, दोन टोकं जुळवायला दुसरं माणूस नव्हतं म्हणून हनुवटीखाली धरून घड्या घालत होतं.

"मी घरी रेडिओ लावतो," तो शेवटी म्हणाला. "दिवसभर. ऐकायला नाही लावत."

 जिन्यात कुणाची तरी पावलं वर आली आणि दुसऱ्या दारापाशी थांबली.

"मग कशाला?" छापखानेवाल्याने विचारलं.